सोफ्याच्या गाद्या धुतल्यावर आतला फोम पूर्ण कसा वाळवायचा?

निळी_खोळ

सोफ्याच्या बैठकीच्या तीन गाद्या आहेत, प्रत्येकी ६० × ६० सेंमी, जाडी १२ सेंमी. आत फोम, फोमभोवती पांढऱ्या पॉलिएस्टर धाग्यांचा कापसासारखा थर आणि वर चेन असलेली जाड सुती खोळ. खोळी काढून वेगळ्या धुतल्या आहेत. सांडलेलं आतपर्यंत मुरलं होतं, म्हणून फोमही साबणाच्या पाण्याने धुऊन नंतर साध्या पाण्यात खळबळून घेतला. हाताने दाबून निघेल तेवढं पाणी काढलंय. तरी गादी उचलली की जड लागते आणि खालच्या कडेतून थेंब पडतात.

बाहेर पावसाळी हवा, ऊन नाही. घरात छताचा पंखा आणि एक टेबल फॅन आहे. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर आणि डिह्युमिडिफायर भाड्याने मिळू शकतो.

उरलेलं पाणी कसं काढायचं? खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? हेअर ड्रायर चालेल का? आणि गादी मधून वाळली आहे हे ओळखायचं कसं? वरून हात लावला तर ती आत्ताच बरीच कोरडी लागते.

आसनकाम

वरच्या कोरडेपणावर अजिबात विश्वास ठेवू नका. फोमचे कप्पे एकमेकांत उघडणारे असतात, त्यामुळे पाणी सावकाश खाली उतरतं आणि तळाकडच्या भागात साठतं. वरचा बोटभर थर काही तासांत वाळतो. गाभा मात्र दोन-तीन दिवस ओला राहू शकतो, आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो.

तुमच्या एका गादीचं आकारमान ४३ लिटर. बैठकीचा फोम घनमीटरला ३२ किलोचा धरला तर कोरड्या गादीचं वजन १.४ किलोच्या आसपास भरेल. म्हणजे जवळजवळ ९७ टक्के नुसती पोकळी. हाताने दाबून झाल्यावरही अशा गादीत दोन-तीन लिटर पाणी सहज उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. दाबून तेच लिटरभर पाणी काढायला एक मिनिट पुरतं. म्हणून जे पाणी द्रवरूपात निघू शकतं ते पंख्यासाठी ठेवू नका. या कामात घाई करून पंख्याकडे वळणं हेच सगळ्यात महागात पडतं.

दाबताना फोम पिळायचा नाही. ओला फोम स्वतःच्याच वजनाने फाटतो. उचलताना दोन्ही हात खालून घाला, कोपरा धरून कधीही उचलू नका.

सपाट फरशीवर ठेवून दाबलं तर अर्धं काम वाया जातं. दाब सोडला की फोम फुगतो आणि फरशीवर सांडलेलं पाणी परत ओढून घेतो. म्हणून गादी जाळीवर किंवा उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर ठेवा, म्हणजे निघालेलं पाणी खाली पडून जाईल. वर गादीपेक्षा थोडी मोठी फळी ठेवा आणि तिच्यावर गुडघ्यांनी भार द्या. एका कडेपासून समोरच्या कडेकडे पट्ट्यापट्ट्याने सरकत जा. प्रत्येक जागी भार अर्धा मिनिट तसाच ठेवा, कारण मधल्या कप्प्यांतलं पाणी बाहेर यायला वेळ घेतं. भराभर दहादा दाबण्यापेक्षा सावकाश तीनदा दाबलेलं चांगलं. मग गादी उलटी करून पुन्हा तेच.

व्हॅक्यूम मिळत असेल तर पिशवीची पद्धत वापरा, फोमसाठी तिच्याइतकं परिणामकारक घरी दुसरं काही नाही. मोठी, जाड, न फाटलेली प्लास्टिकची पिशवी घ्या आणि गादी तिच्यात सरकवा. नळीच्या तोंडावर जुना मोजा किंवा जाळीचं कापड बांधा, नाहीतर प्लास्टिक ओढलं जाऊन तोंड बंद होतं. नळी पिशवीच्या तोंडातून आत घालून चिकटपट्टीने हवाबंद करा आणि ते तोंड सगळ्यात खाली येईल अशी गादी तिरकी टेकवा. यंत्र सुरू केलं की आतली हवा निघून जाते, बाहेरच्या हवेचा दाब गादीला सगळ्या बाजूंनी सारखा चेपतो आणि पाणी नळीतून टाकीत जातं. दोन-तीन मिनिटं ओढा, सोडा, गादी फिरवा, परत ओढा. नळीतला खळखळाट थांबला की झालं. चेपलेल्या अवस्थेत तासन्‌तास ठेवू नका, फोम कायमचा बसतो.

यंत्र ओल्यासाठीचंच हवं. धुळीची कागदी पिशवी आणि कागदी फिल्टर आधी काढा आणि ओल्या कामाची स्पंजची टोपी चढवा. घरातल्या झाडूकामाच्या साध्या व्हॅक्यूमने पाणी ओढायला जाऊ नका. पाणी मोटरपर्यंत पोचतं, आणि विजेचा धक्का बसू शकतो.

यंत्र नसेल तर गादी दोन जाड कोरड्या टॉवेलांमध्ये घालून वर फळी ठेवा आणि तसाच भार द्या. टॉवेल ओला झाला की बदला. शेवटच्या टॉवेलवर फक्त दमटपणा उमटला पाहिजे, ओला डाग नाही.

पंख्याकडे जाण्याआधी आणखी एक गोष्ट पाहा. दाबून निघालेलं पाणी पारदर्शक बाटलीत घेऊन जोरात हलवा. फेस मिनिटभर टिकून राहिला तर फोममध्ये साबण उरला आहे. पुन्हा साध्या पाण्यातून काढायचं जिवावर येतं, पण काढाच. उरलेला साबण वाळल्यावर चिकट होतो, धूळ धरतो आणि दमट हवेत परत ओलसर लागतो.

कोरडी_हवा

वरचं सगळं पटतं. पुढचं काम हवेचं आहे आणि त्यात हिशेब चुकला की पंखा कितीही फिरवा, गादी वाळत नाही.

२५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं. ३ × ४ मीटरची, २.८ मीटर उंचीची खोली घ्या, तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा असते. आर्द्रता आधीच ८० टक्के असेल तर ती सगळी हवा मिळून फक्त १५५ ग्रॅम पाणी आणखी घेऊ शकते. तिन्ही गाद्यांमध्ये मिळून चांगलं दाबल्यानंतरही दीड-दोन लिटर पाणी असतं. बंद खोलीत नुसता पंखा लावला तर थोड्याच वेळात तीच दमट हवा गाद्यांभोवती फिरत राहते. पंखा गादीजवळची ओली हवा फक्त दूर ढकलतो. ती खोलीबाहेर जायला वाट हवी, किंवा तिच्यातलं पाणी काढणारं यंत्र हवं.

म्हणून खिडक्यांचं उत्तर असं. डिह्युमिडिफायर किंवा एसी चालू असेल तर दारं-खिडक्या घट्ट बंद, कारण उघड्या खिडकीने तुम्ही बाहेरची हवा वाळवत बसाल. यंत्र नसेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि एक पंखा बाहेरच्या दिशेने लावा.

पाऊस पडतोय म्हणून खिडकी उघडण्यात अर्थच नाही, हेही सरसकट खरं नाही. बाहेर २० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर त्या हवेत घनमीटरला १५-१६ ग्रॅम बाष्प असतं. तीच हवा घरात येऊन २५ अंशांना तापली की तिची आर्द्रता ६६-६७ टक्क्यांवर उतरते. आतली हवा ८० टक्क्यांवर असेल तर बाहेरची भिजकट वाटणारी हवासुद्धा आतल्यापेक्षा कोरडी ठरते. बाहेर आतल्याइतकंच किंवा जास्त गरम आणि वर दमट असेल, तेव्हा मात्र खिडकी बंदच बरी. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं हायग्रोमीटर जवळ ठेवा, अंदाजावर जाऊ नका.

डिह्युमिडिफायर भाड्याने घेताना "दिवसाला इतके लिटर" हा आकडा जसाच्या तसा धरू नका. तो बऱ्याचदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. २० अंशांच्या खोलीत तेच यंत्र निम्मं किंवा त्याहूनही कमी पाणी काढतं. खोली २५ ते २८ अंशांवर ठेवली तर यंत्रही नीट चालतं आणि गादीही लवकर वाळते. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणा. एसीचा ड्राय मोड थोडं काम करतो, पण खोली थंड झाली की बाष्पीभवन मंदावतं.

आता मांडणी. गाद्या आडव्या ठेवल्या की खालची बाजू तशीच ओली राहते. त्या कडेवर उभ्या करा, खाली जाळी किंवा दोन पट्ट्या द्या, भिंतीला टेकवू नका आणि दोन गाद्यांमध्ये किमान ८-१० सेंमी मोकळी जागा सोडा. टेबल फॅन मीटरभर अंतरावर ठेवून वारा त्या फटींमधून जाईल असा लावा. पहिल्या गादीच्या तोंडावर सरळ मारला तर मागच्या दोघींना वारा मिळत नाही. छताचा पंखाही सुरू ठेवा.

पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी वरची कड खाली करा. पाणी अजून उतरत असतं आणि खालची कड सगळ्यात शेवटी वाळते. पहिल्यांदा उलटवताना खालच्या कडेतून थेंब पडले तर पंखा बंद करून परत दाबा.

नीट दाबलेला १२ सेंमीचा उघडा फोम ५०-५५ टक्के आर्द्रतेत आणि चांगल्या वाऱ्यात साधारण १२ ते २४ तासांत वाळतो. ८० टक्क्यांच्या हवेत नुसत्या पंख्याने दोन-तीन दिवस जातात. तिथे धोका आहे, कारण ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला सुरुवात होऊ शकते. म्हणून डिह्युमिडिफायर आजच आणा. दोन दिवस वाट पाहून आणलात तर त्याचा अर्धा उपयोग गेला.

हेअर ड्रायर नको. तो फक्त वरचा थर तापवतो, आत काहीच पोचत नाही, आणि जवळ धरला तर फोम खराब होऊ शकतो. हीटरने खोली तापवायला हरकत नाही, पण गाद्यांपासून तो चांगला दूर आणि गाद्यांकडे तोंड न करता ठेवा, आणि लावून बाहेर जाऊ नका. सोफ्याचा साधा फोम, म्हणजे पॉलियुरेथेन, झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कपडे वाळवायच्या फिरत्या ड्रायरमध्येही फोम टाकायचा नाही. लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम, तर गरम होऊन आपोआप पेटू शकतं.

पूर्वेची_गच्ची

ऊन मिळालं तर सगळ्यात सोपं नाही का? एक दिवस कडक उन्हात टाकल्या की प्रश्न मिटला.

आसनकाम

ऊन उपयोगी आहे, पण उघड्या फोमवर थेट नको. अतिनील किरणांनी पॉलियुरेथेन पिवळा पडतो. नुसता रंग बदलला तर गादी खराब होत नाही, पण वारंवार आणि दिवसभर ऊन दिलं तर वरचा थर ठिसूळ होऊन भुगा पडायला लागतो. वर पातळ पांढरं सुती कापड टाका, दोन-तीन तासांनी बाजू बदला, आणि ऊन उतरायच्या आत गादी घरात घ्या. संध्याकाळी हवा गार झाली की आर्द्रता चढते आणि दिवसभरात गेलेलं पाणी थोडं थोडं परत शिरतं. लेटेक्सला ऊन बिलकूल दाखवू नका, ते सावलीत आणि वाऱ्यावरच वाळवायचं.

आणि ऊन असो वा नसो, आधी दाबणं सुटत नाही. पाणी भरलेली गादी उन्हात टाकली तर वर कडक, आत ओली आणि गरम, म्हणजे जंतूंना हवं तेच.

निळी_खोळ

व्हॅक्यूम आणि डिह्युमिडिफायर दोन्ही आणलं. पिशवीच्या पद्धतीने प्रत्येक गादीतून बरंच पाणी निघालं. आता तीन गोष्टी विचारते. फोमभोवतीचा पांढरा थर काढून टाकू का? तो फोमला चिकटवलेला दिसतोय. दुसरं, खोळी वाळत आल्यात आणि शिवणींजवळ, पाइपिंगच्या (कडेला शिवलेल्या गोल गोटाच्या) बाजूने तपकिरी पट्टा उमटलाय, जो धुण्याआधी नव्हता. तिसरं, एका गादीला हलका आंबूस वास आहे.

धागादोरा

पांढरा थर फाडू नका. गोंदाबरोबर फोमचे लचके निघतात. तो पॉलिएस्टरचा आहे आणि पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. सुती धागा नेहमीच्या हवेतसुद्धा सात-आठ टक्के धरून ठेवतो. तुमच्या थरातलं पाणी धाग्यांच्या मधे अडकलेलं आहे, वारा लागला की ते फोमच्या आधी जाईल. वाळल्यावर हाताने हलकेच चिमटीत धरून फुलवा. चपटा होऊन गेला असेल तरच नवा लावा.

तपकिरी पट्टा म्हणजे न निघालेला मळ नेहमी असतोच असं नाही. सुती, लिनन आणि तागाच्या कापडात ही गोष्ट फार दिसते. कापड जिथे सगळ्यात उशिरा वाळतं तिथे पाणी बाकीच्या कापडातून ओढलं जातं आणि त्यात विरघळलेलं सगळं, म्हणजे साबण, मळ आणि धाग्यातला नैसर्गिक तपकिरी अंश, तिथेच सोडून उडून जातं. शिवण आणि पाइपिंग जाड, म्हणून पट्टा बरोबर तिथे. साबण जास्त क्षारयुक्त असेल तर रंग आणखी गडद येतो.

यावर उपाय सौम्य आम्लाचा. एक लिटर पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, सायट्रिक अॅसिड विरघळवा. आधी आतल्या शिवणीवर थोडं लावून पांढऱ्या फडक्याने मिनिटभर दाबा. फडक्याला रंग लागला तर थांबा. रंग पक्का असेल तर नुसत्या पट्ट्यावर न लावता या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंतचा पूर्ण पन्ना सारखा ओला करा, नाहीतर आज पट्टा जाऊन उद्या त्याच्या बाहेर नवं कडं उमटेल. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने काढा आणि टॉवेलने जोर देऊन टिपा, विशेषतः पाइपिंग.

मग खोळ उलटी करून वाळवा. ज्या बाजूने पाणी उडतं त्या बाजूला पट्टा बसतो. आतली बाजू वाऱ्याकडे असली की जे काही उरलंय ते आत बसेल आणि कुणाला दिसणार नाही. ही एक सवय लावली तरी निम्मे डाग टळतात. वाळताना चेन लावलेली ठेवा, नाहीतर चेनची पट्टी एका बाजूला आणि कापड दुसऱ्या बाजूला आकसून ती वाकडी होते. ओलसर असतानाच चारही कोपरे हाताने ताणून आकारात आणा.

वासाबद्दल. फोम ओला असताना येणारा हलका आंबूस वास जंतूंचा असतो आणि तो बहुतेक वेळा अजून परतवता येतो. एका भागाला दहा भाग पाणी असं पांढरं व्हिनेगर त्या गादीतून एकदा दाबून काढा, मग साधं पाणी आणि लगेच पुन्हा पिशवी-व्हॅक्यूम. खाण्याचा सोडा ओल्या फोमवर टाकू नका. तो विरघळून आत जातो आणि वाळल्यावर खरखरीत पूड होऊन बसतो. गादी पूर्ण वाळल्यावर वर भुरभुरवून तासाभराने ओढून घेतला तर ठीक, पण तो वरच्या वासापुरताच. ब्लीच तर फोमला लावूच नका, फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. आणि ब्लीच व व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

पूर्ण वाळलेल्या गादीला नाक लावून दोन्ही हातांनी दाबा. आतून येणाऱ्या हवेला मातकट, कुबट वास असेल किंवा फोमवर काळे-हिरवे ठिपके दिसत असतील, तर आता धुण्यात वेळ घालवू नका, फोम बदला. बुरशी कप्प्यांच्या आत पसरते, पृष्ठभाग पुसून ती जात नाही. सांडपाणी किंवा पुराचं पाणी शिरलेल्या फोमलाही हेच लागू.

लाकडी_चौकट

याच धाग्यात विचारतो. ज्या सोफ्याची बैठक निघतच नाही, खोळ चौकटीला ठोकलेली आहे, तिथे काय करायचं? आणि आत साधा फोम नसून वेगवेगळ्या रंगांच्या तुकड्यांचा दाबलेला फोम असेल तर?

आसनकाम

न निघणाऱ्या बैठकीला दाबायची सोय नसते, म्हणून तिथे सगळा भर ओढण्यावर. व्हॅक्यूमचं चपटं तोंड कापडावर घट्ट टेकवून अगदी सावकाश सरकवा, सेकंदाला दोन-तीन सेंमी. त्याच पट्ट्यावरून परत परत जा, दुसऱ्या हाताने पुढची जागा दाबत राहा. शैम्पूचा एक हात मारला तर कोरडे ओढण्याचे चार-पाच हात मारायची तयारी हवी.

मग सोफा मागे कलंडवा. तळाला बहुधा काळं पातळ कापड स्टेपलने ठोकलेलं असतं. त्याची एक कड चपट्या स्क्रूड्रायव्हरने स्टेपल उचकटून मोकळी करा. बैठकीच्या खालून वारा जायला वाट मिळाली की वाळण्याचा वेग एकदम वाढतो, आणि आतल्या पट्ट्या, स्प्रिंगा, लाकूडही दिसतं. स्प्रिंगांवर पाणी असेल तर पुसून काढा, नाहीतर गंज कापडापर्यंत येतो. पार्टिकल बोर्डची चौकट ओली झाली असेल तर पहिलं लक्ष तिच्याकडे, ती फुगली की परत पूर्वीसारखी होत नाही. एक पंखा खालून, एक वरून तिरका. तळाचं कापड लाकूड पूर्ण वाळल्यावरच परत ठोका.

तुकड्यांचा दाबलेला, म्हणजे रिबॉन्डेड फोम साध्या फोमपेक्षा कितीतरी घट्ट. पाणी सावकाश शिरतं आणि त्याहून सावकाश निघतं. साध्या फोमच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरा. फार वेळ ओला राहिला तर तुकडे जोडणारा गोंद सुटून कडा गळायला लागतात, म्हणून तो भिजवून धुवायचाच नाही, फक्त वरून साफ करायचा. मेमरी फोमचंही तसंच. तो ओला असताना फारच नाजूक असतो, त्याच्यावर गुडघे टेकू नका, तळहाताने दाबा.

धागादोरा

पुरवणी, खोळ आणि भरण यांबद्दल.

रेग्झिन किंवा चामड्याच्या गादीत पाणी शिरलं तर कापडातून ते बाहेर येऊच शकत नाही, वाट फक्त चेनची आणि शिवणीच्या भोकांची. चेन उघडून फोम बाहेर काढावाच लागतो. खोळ शिवून बंद असेल तर मागच्या बाजूची शिवण २०-२५ सेंमी उसवा, काम झाल्यावर वाकड्या सुईने लपती शिवण घाला.

मखमल ओलसर असतानाच मऊ ब्रशने एका दिशेने विंचरा. वाळल्यावर लव आडवी बसली तर उठवणं कठीण. व्हिस्कोस पाण्याने आकसतं आणि ओलं असताना कमजोर होतं, त्याला ताणू नका.

कापूस भरलेल्या गाद्या भिजल्या की गाठी धरतात. खोळ उसवून कापूस मोकळा पसरून वाळवा, अर्धवट ओला असताना हाताने विलग करत राहा. पिसांची उशी मात्र फिरत्या ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर, दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून वाळवता येते. बॉलांच्या माराने गोळे फुटतात.

धुण्याआधी आतल्या पट्टीवरचं अक्षर वाचायला विसरू नका. तिथे अक्षरांचे चार संकेत सापडतात. "डब्ल्यू" म्हणजे पाण्याचं साफसफाईचं द्रव्य चालेल, "एस" म्हणजे फक्त सॉल्व्हंट, "डब्ल्यूएस" म्हणजे दोन्ही, आणि "एक्स" म्हणजे फक्त व्हॅक्यूम किंवा ब्रश. "एस" किंवा "एक्स" असेल तर पाणी लावणंच टाळा.

निळी_खोळ

तपकिरी पट्टा बराच फिका झाला, वासही गेला. गाद्या आता हलक्या लागतात. शेवटचा प्रश्न तोच उरला, मधून वाळल्या हे नक्की कसं ठरवायचं?

कोरडी_हवा

हाताच्या अंदाजाऐवजी वजन करा. लगेज अडकवून तोलायचा छोटा काटा पुरतो, गादी पिशवीत घालून लटकवा. एकदा मोजा, चार-पाच तासांनी परत मोजा, मधल्या वेळात पंखा चालूच. फरक २० ग्रॅमपेक्षा जास्त आला तर पाणी अजून निघतंय. लागोपाठ दोनदा वजन तेच आलं की थांबा. तुमच्याकडे तीन सारख्या गाद्या आहेत, त्यामुळे तुलनाही होते. एक बाकीच्या दोघींपेक्षा शंभर ग्रॅम जड असेल तर ती ओली आहे असं समजा. काट्याची अचूकता मात्र आधी पाहून घ्या, ५० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा काटा इथे कामाचा नाही.

वजनानंतर पिशवीची खूण. गादी आणि हायग्रोमीटर दोन्ही स्वच्छ कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि रात्रभर तसंच ठेवा. खोलीचं तापमान फार बदलणार नाही याची काळजी घ्या. सकाळी आतला आकडा खोलीच्या आकड्याइतका किंवा पाच टक्क्यांच्या आत असेल तर गादी वाळली. ७०-७५ च्या वर गेला किंवा प्लास्टिकला आतून बाष्प धरलं तर गाभ्यात पाणी आहे, परत पंख्यासमोर. लाकडात खुपसायच्या ओलावा-मापकाचा आकडा फोमवर धरू नका, तो लाकडासाठी बेतलेला असतो.

एवढं जमण्यासारखं नसेल तर गादी मधोमध जोरात चेपून आतल्या घडीला गाल लावा. पाणी उडत असेल तिथे गार लागतं. ही खूण ढोबळ आहे, थोडी ओल तिच्यातून निसटते.

सिलिका जेलच्या पुड्या टाकून काम होईल का, असं नेहमी विचारलं जातं. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या फार तर ३०-४० टक्के पाणी धरतं. एका लिटरला तीन किलोच्या आसपास लागेल, म्हणजे वाळवण्यासाठी तिचा उपयोग नाही.

खोळ चढवताना तीही पूर्ण कोरडी हवी. किंचित आकसली असेल तर गादीला पातळ प्लास्टिक गुंडाळा, मधोमध दुमडून आत सरकवा, कोपरे बसवा आणि मग प्लास्टिक ओढून बाहेर काढा. ते आत विसरलं तर पुढची प्रत्येक ओल आतच अडकेल. पहिले दोन-तीन दिवस रात्री गाद्या सोफ्यावर आडव्या न ठेवता उभ्या करून ठेवा, आणि खालची फळी किंवा पट्टे ओलसर नाहीत ना, ते हात घालून बघा.